वार वाटू नका, काम वाटा

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, म्हणून त्यातला गाभा तेवढा इथे देतो.

"आईला (वय ७६, वजन ५२ किलो) आठ महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू अशक्त आहे. गिळायला त्रास होतो, म्हणून स्पीच थेरपिस्टने बारीक आणि ओलसर अन्न सांगितलंय. कागदावर 'पातळी ५' असं लिहून दिलंय. पाणी मात्र नेहमीसारखं चालतं. मधुमेह आहे, रात्री जेवणाआधी इन्सुलिन असतं. रक्तदाबासाठी मीठ कमी. बाबा ८० वर्षांचे, त्यांना काही पथ्य नाही. धाकटा भाऊ त्यांच्याजवळ राहतो, मी जवळच राहते, मोठी बहीण परगावी. रात्रीचं जेवण चार दिवस भाऊ बघतो, तीन दिवस मी. रोज सात वाजले की दोन स्वयंपाक: एक आईचा, एक सगळ्यांचा. माझ्या हातचा मऊ भात ताटात चिकट गोळा होतो. भाऊ मीठ अंदाजाने टाकतो. फ्रीजमध्ये कुणी, कधी ठेवलंय ते कळत नाही, शेवटी फेकून देतो. परवा भाऊ उशिरा आला, मी फोनवर सांगितलं म्हणून बाबांनी इन्सुलिन देऊन टाकलं आणि जेवणाला पाऊण तास लागला. आई घामाघूम झाली. त्या रात्री आम्ही दोघं खूप भांडलो. त्यानेच आता कमी सोडियमचं मीठ आणलंय, ते चालेल का? आणि हे सगळं नीट बसवायचं कसं?"

ताई, आधी इन्सुलिनचं बोलू. बाकी सगळं हळूहळू बसवता येईल, ही गोष्ट आजच बदलायला हवी.

अन्न शिजून तयार आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सुई द्यायची नाही. "येतोच आहे", "होतच आलंय" यावर विसंबून तर नाहीच. इन्सुलिन जेवणाच्या किती मिनिटं आधी द्यायचं हे त्याच्या प्रकारावर ठरतं, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. पण ते अंतर मोजायचं ते अन्न तयार झाल्यानंतर. त्याच भेटीत आणखी दोन गोष्टी लिहून मागा. आई अर्धंच जेवली तर काय करायचं? आणि साखर ७० च्या खाली गेली तर काय द्यायचं? एरवी अशा वेळी १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे, पाण्यात विरघळवून देतात आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासतात. गिळण्याचा त्रास असलेल्या माणसाला घाम, थरथर आणि गोंधळ अशा अवस्थेत पातळ पेय देणं धोक्याचं ठरू शकतं. म्हणून तुमच्या आईसाठी ग्लुकोज जेल योग्य की दुसरं काही, हे आधीच ठरलेलं हवं. ती गुंगीत असेल, हाकेला नीट ओ देत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका; थेट रुग्णवाहिका बोलवा. हा कागद फ्रीजच्या दारावर, बाबांना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या अक्षरात लावा. त्या रात्री बाबांचं चुकलं नाही आणि भावाचंही नाही. उशीर होणार हे गृहीत धरलेली व्यवस्थाच घरात नव्हती.

आता मूळ दुखणं. तुम्ही वार वाटून घेतले आहेत: चार त्याचे, तीन तुमचे. त्यामुळे ज्याचा वार, त्याच्यावर बाजारहाट, काय करायचं ते ठरवणं, शिजवणं, बारीक करणं, भरवणं आणि भांडी असं सगळंच येतं, तेही दिवसभराच्या कामानंतर. काल दुसऱ्याने काय केलं याचा आज काही उपयोग नाही. म्हणजे आठवड्यात सात वेळा शून्यापासून सुरुवात. याऐवजी कामं वाटा. जड शिजवण आठवड्यात दोनदाच करायची, रविवारी आणि बुधवारी. रोज संध्याकाळी फक्त ताजा भात आणि जोडाजोड, म्हणजे शिजवलेलं गरम करून, चव देऊन ताट लावणं. जो भरवेल त्याने त्या दिवशी शिजवायचं नाही, कारण आईला जेवायला तीस-चाळीस मिनिटं लागत असणार, आणि घाईने भरवलेला घास हाच ठसका लागण्याचं मोठं कारण असतो.

दोन स्वयंपाक मात्र आजपासून बंद करा. सगळ्यांसाठी एकच भांडं शिजवायचं, अगदी मऊ, आणि त्यात मीठ-तिखट काहीही नाही. आईचा वाटा आधी बाजूला काढायचा आणि मग उरलेल्याला चव द्यायची. फाटा जितका उशिरा फुटेल तितकं काम कमी.

प्रमाण देतो. चार माणसं, तीन रात्री, आणि दोन वाटे फ्रीझरसाठी असे चौदा वाटे धरा. मसुराची किंवा मुगाची डाळ माणशी ३० ग्रॅम, म्हणजे ४२० ग्रॅम. अर्धा तास भिजवा. गाजर आणि लाल भोपळा मिळून ७०० ग्रॅम, साल काढून, बोटाच्या पेराएवढे तुकडे. पाच लिटरच्या कुकरमध्ये हे सगळं १.२ लिटर पाण्यात घाला, त्याहून जास्त पाणी नको. डाळ शिजताना फेसाळते. कुकर निम्म्याच्या वर भरला तर तो फेस वाफेच्या नळीत चढतो आणि वाट बंद होऊ शकते. पूर्ण दाब आल्यावर मंद आचेवर ८ मिनिटं, मग दाब आपोआप उतरू द्या. डाळ घोटा आणि वरून अर्धा लिटर उकळतं पाणी घालून हवी तेवढी सैल करा. आईच्या वाट्यात हे वरचं पाणी घालू नका, तिला दाटच हवी. म्हणून तिचे सगळे वाटे, फ्रीझरमधलाही, पाणी घालण्याआधीच काढून ठेवा.

बुधवारी याच पद्धतीने दुसरं काहीतरी करा: बटाटा, फुलकोबी आणि डाळ, किंवा घरात चालत असेल तर हाडाविना कोंबडी आणि गाजर. म्हणजे सहा रात्री तेच ते होत नाही. शिवाय रोजची चव संध्याकाळी ठरते. एका रात्री तेलात परतलेला लसूण आणि बारीक पालक, एका रात्री साल काढलेला टोमॅटो, एका रात्री आल्याचा रस आणि लिंबू.

मिठाचा नियम एकच आणि तो मोडायचा नाही: पायाभूत शिजवणीत मीठ नाही, मीठ फक्त संध्याकाळी जोडणारा माणूस घालेल. तुमच्याकडे मीठ जास्त होतं ते भावाच्या हातामुळे असेलच असं नाही. दोन माणसं एकाच भांड्याला आपापल्या वेळी मीठ घालतात तेव्हाही हेच होतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. एक सपाट चहाचा चमचा म्हणजे जवळपास ६ ग्रॅम. आईच्या रात्रीच्या ताटाला सपाट पाव चमचा, म्हणजे साधारण दीड ग्रॅम, ही वरची मर्यादा धरा; डॉक्टरांनी याहून कमी सांगितलं असेल तर ते पाळा. मीठ शिजताना न घालता अगदी शेवटी घातलं की थोडकं मीठही जिभेला जास्त जाणवतं. लिंबू, भाजलेल्या जिऱ्याची बारीक पूड आणि लसूण यांनी उरलेली उणीव बरीच भरून निघते.

भावाने आणलेलं कमी सोडियमचं मीठ तूर्त कपाटात ठेवा. त्यात सोडियमच्या जागी बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड असतं. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील, तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही असलेल्या ७६ वर्षांच्या बाईंना ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. त्याने आणलं ते काळजीपोटीच आणलं, हे त्याला सांगा आणि विचारायचं कामही त्यालाच द्या. आईला रक्त पातळ करणारी वॉरफरिन ही गोळी चालू असेल तर त्याच वेळी पालेभाजीचंही विचारून घ्या. पालेभाजी सोडायची नसते, पण तिचं आठवड्याचं प्रमाण सारखं ठेवावं लागतं. एका आठवड्यात भरपूर आणि दुसऱ्यात अजिबात नाही, असं झालं की गोळीचा परिणाम वरखाली होतो.

'पातळी ५' म्हणजे काय हे घरातल्या प्रत्येकाला कळायला हवं, नुसतं "मऊ" म्हणून भागत नाही. ही पातळी आयडीडीएसआय या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीतली आहे. ती ० ते ७ अशी असते. पाचव्या पातळीत मोठ्या माणसासाठी कण ४ मिलिमीटरपेक्षा मोठा नको, अन्न ओलसर हवं, पण त्यातून पाणी सुटून वेगळं वाहता कामा नये. तपासायला उपकरण लागत नाही. साध्या काट्याच्या दोन दातांमधली फट साधारण ४ मिलिमीटरची असते. काट्याने दाबल्यावर अन्न त्या फटीतून सहज बाहेर यायला हवं. मग चमच्यात घेऊन चमचा तिरका करा: गोळा आकार धरून राहतो आणि हलक्या झटक्यात सबंध निसटतो, तर बरोबर. चमच्याला चिकटून बसला तर तो घशातही चिकटेल. ओघळून गेला तर फार पातळ झालं.

यातला खरा सापळा म्हणजे पातळ डाळ आणि त्यात सुटे भाताचे कण. दिसायला ते किती मऊ! पण तोंडात पाणी आधी घशाकडे धावतं आणि कण मागे राहतात. अशक्त गिळण्याला दोन वेगळ्या गतींचं अन्न एकाच घासात सांभाळता येत नाही. आईला पाणी चालतं म्हणून डाळीचं पाणी आणि भात एकत्र चालेल, असं धरू नका. टोमॅटोची आणि मटाराची साल, पालेभाजीचे देठ, फोडणीतली आख्खी मोहरी-जिरं, कोरडा पाव हे सगळं तिच्या ताटातून बाहेर. तिच्यासाठी मसाला पुडीच्याच रूपात.

आता तुमचा चिकट गोळा. तुम्ही भात मिक्सरमध्ये फिरवत असाल, असा आमचा अंदाज आहे. भात आणि बटाटा यांच्या पेशी मिक्सरच्या पात्याने फुटतात, आतला स्टार्च मोकळा होतो आणि त्याची खळ बनते. बटाटा नेहमी मॅशरने किंवा चाळणीतून दाबून काढा. भातासाठी एकाच कुकरमध्ये दोन डबे ठेवा. एकात सगळ्यांचा, एक वाटीला दोन वाट्या पाणी. दुसऱ्यात आईचा, पाव वाटी तांदळाला सव्वा वाटी पाणी, म्हणजे पाचपट. दोन्ही एकाच वेळी शिजतात. आईचा भात गरम असतानाच काट्याने मोडा, त्यात तिची दाट डाळ आणि एक चमचा तेल किंवा तूप घालून एकजीव करा. तरीही वीस मिनिटांनी तो घट्ट होणारच, कारण थंड होताना स्टार्च पुन्हा आवळतो. म्हणून अर्धाच वाटा ताटलीत घ्या, अर्धा झाकून गरम ठेवा, आणि शेजारी तीन-चार चमचे गरम डाळ असू द्या. घट्ट वाटलं की एक चमचा घालून पूर्ण मुरेपर्यंत ढवळा. वर पाणी दिसत राहिलं तर घास देऊ नका.

तांदळाची ती पाव वाटी आम्ही उदाहरणादाखल धरली आहे. आहारतज्ज्ञांनी जे माप दिलं असेल ते घ्या, पण दोघांनी एकच वाटी वापरा आणि ती दुसऱ्या कामाला लावू नका. इन्सुलिनचं प्रमाण ठरलेलं असताना भात एका रात्री मूठभर आणि दुसऱ्या रात्री दोन मुठी, असं झालं की साखर वरखाली होते आणि दोष औषधाला लागतो.

प्रथिनांकडेही लक्ष असू द्या. मऊ जेवणात पिष्ट पदार्थ भरपूर येतात आणि प्रथिनं हळूच गळून जातात. या वयात वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं असावीत असं मानलं जातं. म्हणजे आईला ५२ ते ६२ ग्रॅम, रात्रीच्या वाट्याला १७ ते २०. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा वेगळा असतो, तेव्हा डॉक्टर सांगतील तेच. ३० ग्रॅम डाळीतून सुमारे ७ ग्रॅम येतात, एका अंड्यातून ६, शंभर ग्रॅम दह्यातून ३-४. एवढ्यात हिशेब बसतो. अंडं नको असेल तर ५० ग्रॅम मऊ पनीर किसून डाळीत मिसळा, त्यातून ९ ग्रॅमच्या आसपास मिळतात. अंडं मंद आचेवर दोन चमचे दूध घालून ढवळत शिजवा. कच्चं ठेवायचं नाही आणि कोरडंही करायचं नाही. कोरडं झालं की त्याचा भुगा होतो आणि भुगा श्वासनलिकेकडे जातो. उतरवल्यावर चमचाभर दही मिसळलं की ओलावा टिकतो.

फ्रीजबद्दल थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण दोनदा शिजवण्याची ही सगळी रचना त्यावरच उभी आहे. शिजवल्याने सगळे जिवाणू मरत नाहीत. काहींचे बीजाणू तगून राहतात आणि अन्न कोमट राहिलं की वाढतात. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा त्यांचा टप्पा. अडीच-तीन लिटर गरम डाळ पातेल्यातच ठेवली तर तिचा मधला भाग कित्येक तास त्याच टप्प्यात राहतो, मग ती फ्रीजमध्ये असो की ओट्यावर. म्हणून शिजल्यावर लगेच उथळ डब्यांत, ५ सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीचा थर राहील अशी वाटून टाका. डबे थंड पाण्याच्या परातीत ठेवून अधूनमधून ढवळा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये घाला. हवा फार गरम असेल तर तासाभरात. थंड होईपर्यंत डबे एकावर एक रचू नका. फ्रीज ५ अंशांच्या खाली हवा. एक साधा फ्रीज-थर्मामीटर आत ठेवला की रोजचा अंदाज संपतो.

अशी डाळ-भाजी फ्रीजमध्ये तीन दिवस ठीक राहते. रविवारी शिजवलेलं मंगळवारी रात्री संपतं, बुधवारचं शुक्रवारी. शनिवारी फ्रीझरमधले चार वाटे निघतात: रविवारचे दोन, बुधवारचे दोन. ते शुक्रवारी रात्रीच फ्रीझरमधून खाली फ्रीजमध्ये उतरवा, ओट्यावर वितळवू नका. बटाटा घातलेली भाजी गोठवायची नाही, वितळल्यावर ती रवाळ आणि पाणचट होते. त्या बुधवारी बटाटा वेगळा शिजवा आणि दोन वाटे तो घालण्याआधी काढा. डबा गोठवताना वर दोन सेंटीमीटर जागा सोडा.

भात मात्र रोज ताजा. भातातल्या एका जिवाणूचं विष उष्णतेला दाद देत नाही. तो भात तासन् तास बाहेर राहिला असेल तर पुन्हा कडकडीत गरम केल्यानेही तो सुरक्षित होत नाही. उरलेला भात तासाभरात पसरून गार करून फ्रीजमध्ये ठेवला, तरच दुसऱ्या दिवशी वापरा, आणि तोही आईला नको.

डब्यावर चिकटपट्टी आणि मार्कर. तीन गोष्टी लिहा: काय आहे, कोणत्या वारी शिजवलं, आईचं की सगळ्यांचं. आईच्या डब्यांना एकाच रंगाची झाकणं घ्या. लेबल नसलेला डबा कुणाचाही नाही, तो टाकायचा, त्यावर चर्चा नाही. लेबलं लावायचं काम बाबांना द्या. भाजी निवडणं, ताटं घेणं हेही. ८० व्या वर्षी बायकोच्या जेवणात आपला हात आहे याचं त्यांना मोल वाटेल, आणि तुमची खरोखरच वीस मिनिटं वाचतील.

गरम करताना त्या रात्रीपुरतंच काढा आणि एकदाच, पूर्ण उकळी येईपर्यंत गरम करा, म्हणजे आतपर्यंत ७५ अंश होतं. मायक्रोवेव्हमध्ये मध्येच गार गोळे राहतात, तेव्हा अर्ध्यावर ढवळा आणि शेवटी दोन मिनिटं झाकून ठेवा. आईला वाढण्याआधी एक थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. झटक्यानंतर तोंडाच्या एका बाजूची संवेदना कमी असू शकते, भाजलं तरी ती सांगणार नाही.

संध्याकाळ अशी लावा. पावणेसातला कुकर. सात वाजता डाळ गरम करायला, आईचा वाटा वेगळ्या पातेलीत. सव्वासातला भात मोडून दोन्ही एकत्र, काट्याची तपासणी. मग इन्सुलिन, डॉक्टरांच्या अंतराप्रमाणे. साडेसात-पावणेआठला ताट. भाऊ उशिरा येणार असेल तर कुकर बाबांनी लावायचा आणि सुई भाऊ आल्यावरच. अगदीच कुणी पोचलं नाही तर फ्रीजमध्ये आईचा एक राखीव वाटा असतोच: डाळ, कुस्करलेली भाजी आणि दाबलेला बटाटा. तो दहा मिनिटांत गरम होतो. हा राखीव वाटा दर रविवारी आणि बुधवारी नवा ठेवायचा आणि जुना तिसऱ्या दिवसाच्या आत कुणीतरी खाऊन टाकायचा.

भरवताना आई खुर्चीत ताठ बसलेली हवी आणि जेवणानंतर अर्धा तास तशीच. टीव्ही बंद. लहान चमचा, आधीचा घास गिळला हे पाहूनच पुढचा. उजवी बाजू अशक्त आहे, तेव्हा उजव्या गालात अन्न साठून राहतं. मध्ये आणि शेवटी पाहा आणि तोंड स्वच्छ करा. घासानंतर खोकला, आवाज ओला-घरघरता होणं किंवा विनाकारण ताप, यातलं काही दिसलं की पातळी स्वतः बदलू नका, त्याच दिवशी थेरपिस्टना किंवा डॉक्टरांना फोन करा. भरवणाऱ्याने मात्र उपाशी बसू नये. आधी चार घास खाऊन घ्या किंवा आईच्या शेजारी ताट घेऊन बसा. भुकेलेल्या माणसाचा हात नकळत घाई करतो.

आता वाटणी. रविवारची शिजवण तुमची. बुधवारची भावाची. तो उशिरा येत असेल तर भाजी बाबांनी चिरून, डाळ भिजवून ठेवायची. ज्या रात्री तुम्ही जोडाजोड कराल त्या रात्री भरवणं भावाचं, आणि उलट. दोघं एकत्र नसाल त्या रात्री जोडाजोड बाबांकडे, कारण ती अर्ध्या तासाची आणि हलकी आहे. मोठ्या ताईंना परगावाहून शिजवता येणार नाही, पण सामानाची यादी आणि मागवणं, डॉक्टरांचे प्रश्न विचारून उत्तरं लिहून काढणं, औषधं संपत आल्याची नोंद ही कामं फोनवरूनच होतात आणि तुमच्या डोक्यावरचं अर्धं ओझं तेच आहे. त्यांना "जमेल तशी मदत कर" म्हणू नका. यादी शुक्रवारी रात्रीपर्यंत, सामान शनिवारी, असं नेमकं सांगा.

येत्या रविवारी सगळं एकदम सुरू करू नका. चौदा वाटे, लेबलं आणि इन्सुलिनचा कागद, एवढंच. बुधवारची शिजवण पुढच्या आठवड्यात. तोवर बुधवार ते शुक्रवार तुमची जुनी पद्धत चालू द्या, फक्त एकाच भांड्यात आणि मिठाशिवाय. रविवारचे दोन वाटे फ्रीझरमध्ये जातील ते आईबाबांचे धरा. पहिल्या शनिवारी तुम्हा दोघांना वेगळं काहीतरी करावं लागेल, दुसऱ्या शनिवारी नाही.